तिरकं घर किती फुटांचं?

घरात दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतील तर एक करून बघा. एका टाइलवर उभे राहा आणि सरळ सहा टाइल्स पुढे जा. बारा फूट झाले. परत मूळ जागी या आणि आता टाइलच्या कोपऱ्यावरून पलीकडच्या टाइलवर, असं तिरकं सहा टाइल्स जा. (मध्ये सोफा येईल, तो आधी सरकवा.) टेप लावून मोजलंत तर जवळजवळ सतरा फूट भरतील. टाइल्स दोन्ही वेळा सहाच, अंतर मात्र पाच फुटांनी जास्त.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये लढाई सुरू झाली की टेबलावर जे वाद पेटतात, त्यातले बरेचसे या पाच फुटांवरून असतात.

हे खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेममास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंचही. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. गोष्ट बोलण्यातून पुढे सरकते आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फासे देतात. या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे १९७४ साली अमेरिकेत आलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गप्पा, फसवाफसवी, कोडी हे सगळं तोंडी निभतं. पण तलवारी उपसल्या की प्रश्न येतात. माझ्यात आणि त्या राक्षसात अंतर किती? मी एका दमात तिथे पोचतो का? आगीचा गोळा टाकला तर आपलाच माणूस भाजेल का? मग टेबलावर नकाशा येतो, त्यावर सोंगट्या येतात आणि नकाशावर आखलेली घरं येतात. या घरांना ग्रिड म्हणतात. ती चौकोनी असावीत, षटकोनी असावीत की असूच नयेत, हा आजचा विषय.

ग्रिडचं काम अचूक मोजणं हे आहे, असं मला सुरुवातीला वाटायचं. अचूकच मोजायचं असतं तर पट्टी होतीच की. ग्रिडचं खरं काम आहे वाद लवकर मिटवणं. अंतर डोळ्यांनी मोजता यावं, बोटाने घरं मोजली की सगळ्यांचं उत्तर एकच यावं, एवढ्यासाठी ती आखलेली असते. त्या बदल्यात ती अंतराबाबत थोडी लबाडी करते. प्रत्येक ग्रिडची लबाडी वेगळ्या दिशेला असते, आणि निवड करायची ती नेमकी या लबाडीची.

सारखे आकार शेजारी शेजारी ठेवून, मध्ये फट न सोडता जमीन झाकायची, तेही सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या आकाराने, तर पर्याय तीनच उरतात: समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन. अष्टकोन घेतले तर मध्ये चौकोनी भोकं पडतात. त्रिकोणात सोंगटी नीट बसत नाही आणि एका त्रिकोणाला कुठे ना कुठे चिकटलेले त्रिकोण बारा असतात, त्यामुळे तो कोणी वापरत नाही. राहिले दोन.

या दोघांचं भांडण रोलप्लेइंगपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ साली घरी खेळायचा युद्धाचा बोर्डगेम आणला, त्याच्या नकाशावर चौरस होते. त्याच्याच अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीचा गेटिसबर्गच्या लढाईवरचा खेळ १९५८ साली चौरसांवर आला आणि १९६१ च्या आवृत्तीत षटकोनांवर गेला. तेव्हापासून युद्धाच्या बोर्डगेमची ओळख म्हणजे षटकोन, खेळणाऱ्यांच्या भाषेत हेक्स. डन्जन्स अँड ड्रॅगन्स तयार झाला तो मात्र सोंगट्या मांडून पट्टीने मोजण्याच्या खेळातून. त्यात अंतरं इंचांत लिहिलेली असत: तळघरात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर एक इंच म्हणजे दहा यार्ड. तळघराचे नकाशे ग्राफपेपरवर काढायचे, आणि रानावनातल्या भटकंतीसाठी अ‍ॅव्हलॉन हिलच्याच दुसऱ्या एका खेळाचा हेक्सचा बोर्ड वापरा, असा सल्ला मूळ नियमांतच होता. भिंतींच्या आत चौरस आणि बाहेर हेक्स, ही पद्धत अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

आता चौरसाकडे नीट बघू. आजच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक घर म्हणजे पाच फूट. साधा माणूस एका फेरीत, म्हणजे सहा सेकंदांत, तीस फूट चालतो. सरळ चालला तर सहा घरं. तिरका चालला तर?

बुद्धिबळ खेळणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. तिथे राजा एक घर सरळ जावो की तिरका, चाल एकच. त्यामुळे बुद्धिबळाच्या पटावर तिरका रस्ता कधीच लांबचा नसतो. रिचर्ड रेतीने १९२१ साली रचलेलं एक प्रसिद्ध कोडं याच्यावरच उभं आहे. पांढरा राजा काळ्या प्याद्यापासून इतका मागे असतो की ते गाठणं अशक्य वाटतं. पण तो तिरका चालत येतो, एकाच चालीत काळ्या प्याद्याच्याही जवळ सरकतो आणि स्वतःच्या प्याद्याच्याही, आणि हरलेला डाव बरोबरीत सोडवतो. खऱ्या जमिनीवर हे होऊच शकत नाही. पटावर होतं, कारण पटाची भूमितीच वेगळी आहे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीने (२००८) हीच भूमिती घेतली: तिरकं घरही एकच घर. पाचव्या आवृत्तीतही (२०१४) ग्रिड वापरायची तर मूळ पद्धत हीच आहे. मोजायला याच्याइतकं सोपं काही नाही. पण मग तीस फूट चालणारा माणूस तिरका निघाला की बेचाळीस फूट जातो. पळणारा गॉब्लिन (या खेळांतला बुटका, खोडसाळ राक्षस) नेहमी तिरकाच पळतो, आणि त्याच्या मागे लागलेला आमचा योद्धाही. दोन सत्रांत हे सगळ्यांच्या लक्षात येतं, आणि मग कोणी सरळ चालतच नाही.

खरी गंमत आगीच्या गोळ्यात आहे. ‘फायरबॉल’ची त्रिज्या वीस फूट. खऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं तर सुमारे १,२५७ चौरस फूट येतं. म्हणजे तीन बेडरूमचा ऐसपैस फ्लॅट, बाल्कनीसकट. आता तिरकं घर एकच धरलं तर वीस फुटांच्या आतली सगळी घरं मिळून आठ बाय आठचा चौकोन होतो: ६४ घरं, १,६०० चौरस फूट. आगीचा गोळा चक्क चौकोनी झाला, आणि वर एक वन रूम किचन फुकट जळलं.

यावर जुना तोडगा आहे एक-दोन-एक-दोनचा. पहिलं तिरकं घर पाच फूट, दुसरं दहा, तिसरं पाच, चौथं दहा. म्हणजे सरासरी दीड घर. खरा आकडा १.४१ आहे, तेव्हा दीड काही वाईट नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या ‘साडेतीन’ आवृत्तीत (२००३) हाच नियम होता, पाथफाइंडर या त्याच जातीच्या दुसऱ्या खेळाने तो उचलला आणि आपल्या दुसऱ्या आवृत्तीतही (२०१९) ठेवला. या मोजणीने आगीचा गोळा ४४ घरांचा होतो, कोपरे कापलेला, बऱ्यापैकी गोल दिसणारा. त्रास एकच: दर वेळी ‘माझं आधीचं तिरकं एकचं होतं की दोनचं?’ हे लक्षात ठेवावं लागतं. आमच्याकडे एक जण मोठ्याने ‘पाच, पंधरा, वीस, तीस’ असं म्हणतच सोंगटी सरकवतो. पाढे म्हटल्यासारखं वाटतं, पण चुकत नाही.

हेक्सचे चाहते इथे टेबलावर हात आपटतात. षटकोनात तिरकं घर नावाची भानगडच नाही. सहा शेजारी, सहाही सारख्याच अंतरावर. मधमाशीच्या पोळ्याचा नकाशा करा आणि निश्चिंत व्हा. दिसायलाही सुंदर, आणि रानात, नदीकाठी, गुहेत वाटा कशा नैसर्गिक वळतात.

इथे मी बरीच वर्षं फसलो होतो, कागदावर गणित मांडेपर्यंत. हेक्समध्ये सहा दिशांना अंतर तंतोतंत बरोबर असतं, हे खरं. पण या सहांच्या बरोबर मधल्या दिशेने, म्हणजे षटकोनाच्या कोपऱ्याच्या रोखाने जायचं असेल, तर नागमोडी जावं लागतं: एक घर डावीकडे, एक उजवीकडे. दोन घरं मोजली जातात आणि प्रत्यक्ष अंतर कापलं जातं १.७३ घरांचं. म्हणजे हेक्स तुमच्याकडून सुमारे पंधरा टक्के जास्त चाल वसूल करतं.

आता एक-दोन-एक-दोनवाल्या चौरसाची सगळ्यात वाईट दिशा बघा. ती नेमकी बुद्धिबळातल्या घोड्याची आहे: दोन घरं पुढे, एक बाजूला. खरं अंतर २.२४ घरं. आणि या नियमाने सरासरी मोजलं तर एक सरळ अधिक दीड तिरकं, म्हणजे अडीच. घोडा अडीच घरं चालतो, हे आपण लहानपणापासून म्हणतो ते असं जुळून आलं! चूक किती, तर बारा टक्क्यांच्या आत. थोडक्यात, एक-दोन मोजायची तयारी असेल तर चौरसाची सगळ्यात मोठी चूकही हेक्सच्या सगळ्यात मोठ्या चुकीपेक्षा लहान आहे. तिरकं घर एकच धरणाऱ्या चौरसाची चूक मात्र चाळीस टक्क्यांवर जाते, तिथे हेक्स सहज जिंकतं.

हेक्सची चूक कोणाला दिसत नाही, एवढाच तिचा फायदा. आणि चुकीची दिशाही लक्षात घ्या. सोपा चौरस खेळाडूला जास्त पळू देतो, हेक्स कमी. जास्त मिळाल्याची तक्रार कोणी करत नाही, त्यामुळे अचूकतेत सगळ्यात मागे असलेली पद्धत लोकप्रियतेत पुढे आहे यात नवल नाही.

अंतराखेरीज दुसरी बाब वेढा पडण्याची. चौरसावर एका माणसाभोवती आठ शत्रू उभे राहू शकतात, हेक्सवर सहाच. घोळक्याने अंगावर येणारे छोटे शत्रू आवडत असतील तर हा फरक जीवघेणा आहे. कोण समोर, कोण पाठीमागे हे ज्या खेळात महत्त्वाचं, तिथे हेक्स फार छान चालतं. गर्प्स हा १९८६ चा खेळ घ्या: एक हेक्स एक यार्डाचं, समोरची तीन घरं पुढची बाजू, दोन बगला, एक पाठ. पाठीवर वार कोणाचा हे विचारावंच लागत नाही.

पण हेक्सला भिंती सोसत नाहीत. खोल्या काटकोनात असतात. आयताकृती खोली हेक्सवर काढली की एका बाजूच्या भिंतीलगतची घरं एकाआड एक अर्धी कापली जातात. त्या अर्ध्या घरात उभं राहता येतं का? प्रत्येक गेममास्टर याचं उत्तर देतो आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच विसरतो. काटकोनात वळणाऱ्या बोळातली एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी करवतीसारखी. मोठ्या प्राण्यांचंही तसंच. दहा फुटी राक्षस चौरसावर दोन बाय दोन घरं घेतो, प्रश्न मिटला. हेक्सवर तो तीन घरं घेतो, आणि ती तिकोनी जागा वळवायची कशी यावर परत चर्चा.

पाच फुटांचं घर किती मोठं, याचा अंदाज मात्र बहुतेकांना नसतो. चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवा, जिच्यात सात-आठ माणसांचा संसार झाला. ग्रिडवर ती दोन बाय जेमतेम अडीच घरं आहे. म्हणजे त्या खोलीत चार लढवय्ये उभे राहिले की हाऊसफुल्ल. म्हणूनच नकाशांमधली तळघरं इतकी अवाढव्य असतात. चाळीस बाय चाळीसची ‘छोटी’ खोली म्हणजे १,६०० चौरस फूट. खऱ्या मापाचं जुनं घर काढून त्यात लढाई लावायची असेल तर पाच फुटी ग्रिड आधी बाजूला ठेवा, किंवा यार्डाचं घर घ्या.

ग्रिडच नको, असं म्हणणाऱ्यांची परंपराही मोठी आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लष्करी अधिकाऱ्यांच्या सरावासाठी युद्धाचा खेळ बसवला. तो घरांवर नव्हे तर १:८००० प्रमाणाच्या खऱ्याखुऱ्या नकाशावर खेळला जाई. अंतर मोजून घ्यायचं आणि वाद पंचाने सोडवायचा. आज सोंगट्यांची युद्धं खेळणारे मोजपट्टी घेऊन हेच करतात. अंतर प्रत्येक दिशेला खरं येतं. पण वेळ लागतो, बाही लागून सोंगट्या सरकतात, आणि ‘मी पाव इंच अलीकडेच होतो’ हा वाद सोडवायला पंचाकडे राइसविट्झच्या पंचासारखा लष्करी दरारा लागतो. माझ्याकडे तो नाही.

याच्या उलट टोकाला विभागांची पद्धत, म्हणजे झोन. फेट या खेळात ती असते. मोजणी बंद. लढाई वाड्यात असेल तर कागदावर पाच गोल काढायचे: दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, माडी. एका विभागातले लोक एकमेकांना भिडू शकतात, शेजारच्या विभागात जायला एक चाल, माडीवर जायला जिना म्हणून फासे टाका. नकाशा तीस सेकंदांत तयार. ‘थर्टीन्थ एज’ (२०१३) तर याहून कमीत भागवतो: तुम्ही शत्रूला भिडलेले आहात, जवळ आहात किंवा लांब आहात, बस्स. जिथे जागेला स्वभाव आहे, चढायला, लपायला, ढकलायला काही आहे, तिथे झोन ग्रिडला मागे टाकतात. पण ज्याने वीस फुटांच्या आगीचा मंत्र मुद्दाम निवडला आहे, त्याला ‘चौकातले साधारण तीन जण भाजतील’ हे उत्तर पुरत नाही, आणि त्याची नाराजी रास्त आहे. आणि दोन गॉब्लिन आणि एक पूल एवढंच असेल तर काहीच काढू नका, तोंडी सांगा.

तर निवडायचं कसं? आधी नियमांचं पुस्तक उघडा. ज्या खेळाचे मंत्र, वेग, शस्त्रांचे पल्ले सगळे चौरस धरून बेतले आहेत, त्याला हेक्सवर बसवणं म्हणजे नऊवारी साडीचा सदरा शिवण्यासारखं आहे. जमतं, पण कापड वाया जातं. खेळ दोन्ही चालवून घेत असेल तर जागा बघा. भिंती असतील तर चौरस, रान असेल तर हेक्स. मी स्वतः आता जवळजवळ सगळीकडे चौरस आणि एक-दोन-एक-दोन वापरतो. गटात नवी मुलं असली की मात्र तिरकं घर एकच धरतो आणि आगीचा गोळा चौकोनी होऊ देतो. अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी सम-विषम तिरकी घरं मोजायला लावली तर तो परत येत नाही.

हेक्स वापरायचं आहे पण षटकोन आखायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी एक युक्ती. भिंतीतल्या विटांसारखी घरं आखा: प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या घराने सरकवलेली. कुठलीही वीट बघा, तिला शेजारी सहाच असतात, दोन बाजूंना, दोन वर, दोन खाली. म्हणजे हे हेक्सच झालं, नुसत्या पट्टीने आखलेलं. विटेची रुंदी ३ सेंटिमीटर आणि उंची २.६ ठेवलीत तर सहाही शेजाऱ्यांचे मध्यबिंदू सारख्याच अंतरावर येतात. आणि काटकोनी खोल्यांच्या भिंती यावर षटकोनांपेक्षा बऱ्या दिसतात, निदान आडव्या तरी.

साहित्याचं म्हणाल, तर परदेशात व्हिनाइलच्या मॅट मिळतात, एका बाजूला इंचाचे चौरस, दुसऱ्या बाजूला हेक्स. छान असतात, स्वस्त नसतात. आपल्याकडे चार्टपेपर घ्या, साधारण २२ बाय २८ इंचांचा, पेन्सिलने घरं आखा आणि वर डायनिंग टेबलावर घालतात ते मीटरवर मिळणारं पारदर्शक प्लास्टिक अंथरा. त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने भिंती, झाडं, आग काढायची आणि त्याच रात्री पुसायची. सकाळपर्यंत राहिलं की डाग बसतो. घर मात्र इंचाचं करू नका. विकतच्या सोंगट्या इंचाच्या असतात, पण आपण वापरणार दहाची नाणी, आणि त्यांचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे इंचापेक्षा थोडा जास्त. शेजारी शेजारी दोन ठेवली की एकमेकांना ढकलतात. ३ सेंटिमीटरचं घर घेतलं तर त्या कागदावर १८ बाय २३ घरं मावतात आणि नाण्यांनाही श्वास घेता येतो. कॅरमच्या सोंगट्या त्याहून थोराड, त्यांना साडेतीन लागतात.

नकाशा छापून आणणार असाल तर दुकानात उभं राहून ‘ॲक्च्युअल साइज’ म्हणा. मी एकदा नुसती फाइल पाठवली. नकाशा कागदात बसवायला थोडा लहान करून छापला गेला, आणि संध्याकाळी एकही नाणं एकाही घरात बसेना. ती लढाई आम्ही वाटाण्यांवर खेळलो. ड्रॅगन लिंबाचा होता.

आणि छापून आणा किंवा हाताने काढा, नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरदिशेच्या बाणाशेजारी एक ओळ लिहून ठेवा: तिरकं घर किती फुटांचं. फासे बाहेर काढायच्या आधी.